परदेशातला शेवटचा दिवस आणि बँकॉक ते सांगली : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आमच्या तिकिटावर छापलं होतं : १७ मे, ००:४५. घरातली पाच माणसं, आणि प्रत्येकानं ते तिकीट चारदा तरी पाहिलेलं. १७ तारखेला रात्री विमान, तेव्हा १७ चा अख्खा दिवस खरेदीला मोकळा, असं आम्ही धरून चाललो होतो. १६ तारखेला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास प्रतूनामच्या बाजारात मी टी-शर्टांचा भाव करत होते, तेवढ्यात पोरानं मोबाइलमधून मान वर काढून विचारलं, "मम्मी, १७ चे पावणेएक म्हणजे आज रात्रीचेच ना?"

टी-शर्ट तिथंच राहिले. हॉटेलवर येऊन चाळीस मिनिटांत पाच माणसांचं सामान कोंबलं, आणि त्या कोंबाकोंबीत आप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत गेल्या. घराची किल्लीही त्याच बॅगेत. विमान मिळालं, पण जाताना महिनाभर केलेल्या तयारीचा परतीला काही उपयोग झाला नाही. जाण्याची तयारी सगळेच करतात. येण्याचं गणित मात्र "येऊ की आरामात" एवढ्यावर सोडलेलं असतं.

नंतर दीर-जावेबरोबर पुन्हा थायलंडला जाणं झालं, तेव्हा परतीचा दिवस कागदावर मांडूनच निघालो. त्या दोन फेऱ्यांतून हे लिहिते आहे. उदाहरणं बँकॉकची आहेत, पण दुबई-सिंगापूरहून येणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. लेख मुख्यतः सांगली, मिरज, तासगाव, विटा या बाजूच्या लोकांसाठी आहे, कारण मुंबईत उतरल्यावर मुंबईकराचा प्रवास संपतो आणि आपला अजून एक दिवस उरलेला असतो.

१. तिकिटावरची तारीख मोठ्यानं वाचा

हे काम शेवटच्या दिवसाचं नाही. तिकीट हातात येईल त्या दिवशी करा. भारताकडे येणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. वेळ ००:१० पासून ०३:०० पर्यंतची असेल, तर त्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्हाला विमानतळावर असायला हवं. कॅलेंडरवर विमानाची तारीख लिहूच नका. "१६ तारीख, रात्री ८, हॉटेल सोडणे" असं लिहा. हॉटेलचं बुकिंगही त्याच हिशोबानं तपासा.

दुसरी गोष्ट विमानतळाची. बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. एक शहराच्या पूर्वेला, दुसरा उत्तरेला. तिकिटावर बीकेके असेल तर सुवर्णभूमी, डीएमके असेल तर डॉन म्युआंग. टॅक्सीवाल्याला नुसतं "एअरपोर्ट" सांगितलंत तर तो त्याला वाटेल तिथं नेईल. आता मुंबईचंही तसंच झालंय. बीओएम म्हणजे जुना सहारचा विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला हे नीट सांगून ठेवा.

थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं. मोबाइल आपोआप बदलतो, आप्पांचं मनगटी घड्याळ बदलत नाही. आमच्याकडे यावरून आठवडाभर रोज सकाळी एक वाद व्हायचा.

२. उलटं गणित मांडा

विमानाच्या वेळेपासून मागं मागं या. आमचं दुसऱ्या फेरीचं गणित असं होतं : विमान ००:४५. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे २१:४५. गाडीचा प्रवास एरवी पाऊण-एक तासाचा, पण संध्याकाळच्या गर्दीत दोन तासही लागतात, म्हणून हॉटेल १९:४५ ला सोडायचं. जेवण साडेसहाला. साडेपाचनंतर बाजारात कुणीही नाही. म्हणजे शेवटच्या दिवशी फिरायला हाती राहतात फक्त सकाळचे दहा ते संध्याकाळचे पाच.

विमान कंपनीचं काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, आणि बंद म्हणजे बंद. आपल्या एसटीसारखं हात केला की थांबलं, असं तिथं होत नाही.

सुखुमवितसारख्या रस्त्यावर हॉटेल असेल आणि सामान बेताचं असेल, तर टॅक्सीपेक्षा रेल्वे बरी. बीटीएसनं, म्हणजे तिथल्या शहरी रेल्वेनं, फया थाईला उतरायचं, तिथून एअरपोर्ट रेल लिंक. सुवर्णभूमीपर्यंत ४५ बाट, अर्धा तास, आणि वाटेत ट्रॅफिक नाही. सोबत वडीलधारी मंडळी आणि पाच बॅगा असतील तर मात्र मोठी गाडीच करा. मीटरच्या टॅक्सीत टोल प्रवाशानं वेगळा द्यायचा असतो, तो मागितला म्हणून भांडू नका.

३. बॅगा आदल्या रात्री भरा

जाताना बॅगेत चकली, चिवडा, मेथीचे ठेपले आणि आपलं भडंग असतं. ते पोटात जातं आणि त्या जागी बामच्या डब्या, सुकवलेला आंबा, चपला, खेळणी येऊन बसतात. वजन तेवढंच राहील हा निव्वळ भ्रम. घरातून निघताना हातात धरायचा छोटा लगेज काटा घ्या. बॅग त्याच्या पट्ट्याला अडकवून उचलायची, की आकडा दिसतो. पहिल्या खेपेला काउंटरवर आमची एक बॅग २३.४ किलो भरली, मर्यादा होती २०. मग सगळ्यांच्या देखत जमिनीवर बॅग उघडली. सासूबाईंची नऊवारी, त्यात गुंडाळलेली काचेची हत्तीण आणि तिच्या पोटात खुपसलेले मोजे. मागं रांगेत उभा असलेला एक परदेशी माणूस फार कौतुकानं बघत होता. हे टाळता येतं.

तुमच्या तिकिटावर किती किलो आहेत ते नीट वाचा. स्वस्त तिकिटात पुष्कळदा फक्त हातातली सात किलोची बॅग असते आणि मोठ्या बॅगेचे पैसे वेगळे. ते आधी ऑनलाइन भरले तर बरंच स्वस्त पडतं. काउंटरवर किलोमागं जे मोजावे लागतात, त्यात सांगलीत तीच वस्तू दोनदा येईल.

आता कशात काय :

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. मोठ्या बॅगेत सापडल्या तर बॅग मागं ठेवतात आणि तुमच्या नावाचा पुकारा होतो.

पातळ किंवा लिबलिबीत वस्तू हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर चालत नाही. ट्यूबमध्ये निम्मंच उरलं असलं तरी बघतात ते ट्यूबवर छापलेला आकडा. बामच्या छोट्या डब्या चालतात, खोबरेल तेलाची मोठी बाटली नाही. लोणच्याची बरणी उरली असेल तर मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर हॉटेलवर काम करणाऱ्या एखाद्या भारतीय मुलाला देऊन टाका. आम्ही दिली, तो बिहारचा होता, खूश झाला.

गोळ्या-औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, दागिने, पैसे, एक कपड्यांचा जोड आणि घराची किल्ली हातातल्या बॅगेत. मोठी बॅग दुसऱ्या विमानानं आली तर किल्ली दोन दिवस मुंबईत आणि तुम्ही दारात, अशी गत होते.

विमानात थंडी असते. मे महिन्यात सांगलीहून गेलेल्या माणसाला हे पटत नाही. शाल वर ठेवा.

४. काय आणायचं नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. एरवी पळत पळत वाचत असाल, तरी इथं थांबा.

गांजा. थायलंडनं जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि पानाचं हिरवं चित्र लावलेली दुकानं गल्लोगल्ली उघडली. तो माल बिस्किटात, चॉकलेटात, चघळायच्या गोळ्यांतही येतो. आपल्याकडे हा अमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याखालचा गुन्हा आहे, जामीनसुद्धा सहज मिळत नाही. बँकॉकहून आलेल्या बॅगांतला गांजा मुंबई विमानतळावर वरचेवर पकडला जातो, त्यामुळे त्या विमानाच्या सामानावर कस्टमची नजर असतेच. पोरांना खाऊ घेताना पाकिटावर ते पान आहे का, हे बघून घ्या.

याला जोडूनच : कुणाचीही बॅग, पुडी, पार्सल घेऊन येऊ नका. "काकी, माझं वजन जास्त झालंय, एवढी एक पिशवी घ्या ना, मुंबईत भाऊ घेईल," असं गोड मराठीत म्हणणारा मुलगाही तुम्हाला भेटेल. माणूस चांगला असेलही. पण बॅगेवरचा टॅग तुमच्या नावाचा असतो, आणि कस्टम नाव वाचतं.

ई-सिगारेट, म्हणजे व्हेप. भारतात २०१९ पासून बंदी आहे. भाच्यानं कितीही गळ घातली तरी नाही. ड्रोनसुद्धा नको, त्याच्या आयातीवर २०२२ पासून निर्बंध आहेत.

बुद्धाची मूर्ती. गळ्यात घालायचं लहानसं ताईत चालतं. मूर्ती देशाबाहेर न्यायची तर तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते. दुकानदार विकताना हे सांगत नाही.

रोपं, कलमं, बी-बियाणं. हे खास आपल्या भागासाठी लिहिते. आमच्या पाहुण्यांत सगळे द्राक्षबागायतदार. निघायच्या आधीच फोन आला, "वहिनी, तिकडच्या पेरूच्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणा." आणता येत नाहीत. परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसेल तर प्लांट क्वारंटाइनवाले काढून घेतात. आणि डाळिंबावरच्या तेल्यानं बागा काढाव्या लागलेल्या माणसानं तरी परदेशी काडीची हौस करू नये, असं माझं मत आहे.

सोनं. विटा-आटपाडीकडची निम्मी घरं गलाईवर, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर, उभी राहिली, त्यामुळे परदेशातून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न "सोनं आणलं का?" दागिन्यांची जी सूट ऐकिवात असते, ती वर्षभराहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आठ दिवसांच्या सहलीला ती लागू नाही. उलट इथून अंगावर घालून नेलेल्या जड दागिन्यांबद्दल येताना विचारलं तर काय, याचा विचार आधी करा. जातानाच मुंबई कस्टमकडून तसा दाखला करून घेता येतो. त्याहून सोपं म्हणजे जड दागिने घरी, बँकेच्या लॉकरात. मी काळ्या मण्यांची छोटी पोत घालून गेले होते, कुणी विचारलं नाही.

टीव्ही. तिकडे स्वस्त दिसतो. सपाट पडद्याचा टीव्ही सवलतीत बसत नाही, पहिल्या रुपयापासून शुल्क. नको.

बाकी वस्तूंसाठी माणशी मर्यादा आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती ५०,००० रुपये होती, २०२६ च्या नव्या नियमांत ७५,००० झाली. वापरातले कपडे वगैरे यात मोजत नाहीत. दारू दोन लिटर, सिगारेट शंभर, यावर नाही. बिलं जपून ठेवा. बिल नसेल तर किंमत कस्टमवाले ठरवतात.

५. हॉटेल सोडताना

खोली साधारण दुपारी बाराला सोडायची असते आणि विमान मध्यरात्री. मधल्या वेळात सामान रिसेप्शनला ठेवून घेतात, फुकट. टॅग घ्या, त्याचा फोटो काढा. म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल तर एक खोली संध्याकाळपर्यंत वाढवून घ्या. थोडे पैसे जातात, पण दुपारी पाठ टेकायला मिळते. दुसऱ्या फेरीत आम्ही तसं केलं, आणि माझ्या मते सगळ्या सहलीत सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे तेच.

खोलीतल्या लॉकरमध्ये पासपोर्ट विसरणारे लोक पुष्कळ आहेत. यावर आमच्या जाऊबाईंचा उपाय : शेवटच्या रात्री आपली एक चप्पल लॉकरमध्ये ठेवायची. एका चपलेवर कोणी विमानतळावर जात नाही.

खोली घेताना भरलेलं डिपॉझिट परत घ्या, पावती दाखवा. आणि ड्यूरियन नावाचं फणसासारखं फळ खोलीत आणलं असेल तर देव तुमचं भलं करो. बहुतेक हॉटेलांत त्याला बंदी असते आणि वास लपत नाही.

६. उरलेला दिवस

जवळचं काहीतरी बघा. शेवटच्या दिवशी शहराबाहेर जाऊ नका, पट्टायाहून त्याच दिवशी येऊन विमान पकडायचा बेत तर अजिबात नको.

एक जुनी युक्ती अजून चालते. देवळाच्या बाहेर एखादा नीटनेटका माणूस सांगतो, "आज मंदिर बंद आहे, सण आहे. हा टुकटुकवाला तुम्हाला वीस बाटमध्ये दुसरी देवळं दाखवेल." देवळं होतात, पण मध्ये रत्नांचं एक दुकान येतं. मंदिर बंद नसतंच. सरळ दारापर्यंत चालत जा. टूरबरोबर असाल तरी रत्नांच्या दुकानात थांबा होतोच. आत चहापाणी घ्या, एसीत बसा, माणिक घेऊ नका.

पैशांचं : नाणी इकडे बदलून मिळत नाहीत, ती तिथंच संपवा. पाण्याच्या बाटल्या, दही, केळी. पोराच्या खिशात दहा बाटची दोन रंगांची सात नाणी निघाली, ती त्यानं हट्टानं सांगलीला आणली, ते वेगळं. नोटा थोड्या ठेवा, टॅक्सी आणि विमानतळावरच्या खाण्यापुरत्या.

त्याच दिवशी वेब चेक-इन करा, म्हणजे सगळ्यांच्या जागा जवळ येतात. शाकाहारी जेवण हवं असेल तर ते आदल्या दिवशीच्या आधीच नोंदवावं लागतं. विमानात बसल्यावर मागून मिळेल याची खात्री नाही.

७. विमानतळावर, याच क्रमानं

गळ्यातल्या पाऊचमध्ये हे असू द्या : पासपोर्ट, तिकीट, हॉटेलची पावती, खरेदीची बिलं, व्हॅटचे फॉर्म, प्रवास विम्याचा कागद, औषधांची चिठ्ठी, मुंबईच्या गाडीवाल्याचा नंबर कागदावर लिहिलेला. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

पहिलं काम व्हॅटचं, जर करायचं असेल तर. थायलंडमध्ये वस्तूंवर ७ टक्के व्हॅट असतो. एकाच दुकानात एकाच दिवशी किमान २,००० बाटची खरेदी असेल आणि दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म भरून घेतला असेल, तर तो परत मिळतो. मोठी बॅग काउंटरवर देण्याच्या आधी कस्टमच्या खिडकीवर जायचं, कारण वस्तू दाखवायला लागू शकते. पैसे मिळतात ते आत, इमिग्रेशन झाल्यावर. दोन-अडीच हजाराच्या बिलासाठी मी ही रांग लावणार नाही, हातात येणारे बाट त्या धावपळीच्या मोलाचे नसतात. मोठी खरेदी असेल तर जरूर.

मग विमान कंपनीचं काउंटर. मोठ्या बॅगेचा टॅग बोर्डिंग पासला चिकटवून देतात, त्यावर बीओएम लिहिलंय ना ते बघा.

व्हीलचेअरबद्दल थोडं जास्त लिहिते. सुवर्णभूमी प्रचंड मोठा आहे, गेटपर्यंतच वीस-पंचवीस मिनिटं चाल होते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण व्हीलचेअर म्हटल्यावर त्या उसळल्या, "मला काय धाड भरलीय? लोक काय म्हणतील?" पहिल्या खेपेला त्या चालल्या आणि पुढं दोन दिवस बिछान्यात होत्या. व्हीलचेअर आधी, शक्यतो दोन दिवस आधी, विमान कंपनीकडे नोंदवावी लागते, आणि मुंबईत उतरताना हवी हेही सांगावं लागतं. दुसऱ्या खेपेला बसल्या. इमिग्रेशन पार झाल्यावर समोर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दानव, मध्ये वासुकी आणि वर विष्णू. ढकलणाऱ्या मुलीला त्यांनी मराठीत थांबवलं, "थांब गं बाई जरा." ती थांबली. चेअरमध्ये बसूनच त्यांनी हात जोडले आणि मला म्हणाल्या, "अगं, हे तर आपलंच! आपल्या गणपती मंदिरात कीर्तनाला हेच आख्यान ऐकलं की गं." मागच्या खेपेला त्या याच शिल्पासमोरून पाय ओढत गेल्या होत्या, मान वर करून पाहिलंही नव्हतं.

इमिग्रेशनवर शिक्का पडला की पुढं फक्त गेट. ड्यूटी फ्रीत रमू नका, गेट वीसेक मिनिटं आधी बंद होतं.

८. मुंबईत उतरल्यावर

बँकॉकहून साडेचार तासांच्या आसपास लागतात. दीड तास परत मिळतो, त्यामुळे पावणेएकला निघालेलं विमान चारच्या आतच उतरतं. भारतीय पासपोर्टवाल्यांना कुठलाही आगमनाचा फॉर्म भरायचा नसतो, थेट रांगेत लागा.

बॅग पट्ट्यावर आली की चाकं, हँडल, कुलूप तिथंच बघा. तुटली असेल किंवा आलीच नसेल तर त्याच हॉलमध्ये विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर नावाचा अहवाल लिहून घ्या, त्याची प्रत घ्या. बाहेर पडल्यावर तक्रार करणं फार अवघड होतं. लेखी दाव्याला मुदत असते : नुकसान झालं असेल तर सात दिवस, बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवस. काळ्या रंगाच्या सारख्या बॅगा पन्नास असतात, म्हणून आम्ही हँडलला जुन्या इरकलचा तुकडा बांधतो.

मग हिरवा आणि लाल रस्ता. शुल्क लागण्यासारखं काही नसेल तर हिरवा. मर्यादेपेक्षा जास्त असेल तर स्वतःहून लाल रस्त्यानं जा, पैसे भरा, पावती घ्या. हिरव्या रस्त्यात सापडलात की दंड बसतो आणि वर तास-दोन तास जातात.

९. मुंबई ते सांगली

इथं सगळे चुकतात, आम्हीसुद्धा. साडेतीनशेच्या वर किलोमीटर, आठ-नऊ तास, आणि तुम्ही रात्रभर जागे.

पहिल्या खेपेला सांगलीहून गाडी बोलावली होती. ड्रायव्हर ओळखीचा, चांगला. तो दिवसभर इथं भाडी मारून संध्याकाळी निघाला, रात्री दोनला सहारला पोचला, पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिला आणि पाचला आम्हाला घेऊन परत फिरला. खंबाटकी उतरून आणेवाडीचा टोलनाका ओलांडला. मागं सगळे झोपलेले. मी पुढं बसले होते. गाडी अगदी हळू, जणू ठरवून, डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे सरकायला लागली. मी बघितलं तर त्याचे डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. मी नावानं हाक मारली तेव्हा तो दचकला आणि म्हणाला, "नाही वहिनी, जागा हाय मी." पुढच्या धाब्यावर गाडी थांबवली, त्याला बाजेवर दीड तास झोपवलं. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसले, कुणी उठवू नये म्हणून.

तेव्हापासून नियम : सांगलीची गाडी बोलवायची तर ड्रायव्हरला आदल्या दुपारी मुंबईत पोचवायचा आणि पनवेल-कळंबोलीकडे लॉजवर झोपायचे पैसे आपण द्यायचे. किंवा दोन ड्रायव्हर. किंवा मुंबईचीच गाडी ठरवायची, जिचा ड्रायव्हर रात्री घरी झोपलेला असेल. तुम्ही बॅगा घेऊन बाहेर आलात की मगच त्याला फोन करा, पार्किंगचे पैसे तासावर चढतात.

रस्ता तुम्हाला माहीतच आहे : एक्सप्रेस वे, पुण्याचा बाह्यवळण, खेड-शिवापूर, सातारा, कराड, मग पेठ नाक्याला डावीकडे वळून इस्लामपूर (कागदोपत्री आता ईश्वरपूर) आणि आष्टा. साताऱ्याच्या पुढं सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेला रस्ता असतो. दिवसा उजेडात हा टप्पा येईल असं बघा.

रेल्वेनं यायचं तर सकाळची कोयना आणि रात्रीची महालक्ष्मी, दोन्ही सांगली आणि मिरजेला थांबतात. पहाटे उतरणाऱ्यांना कोयना सोयीची, दादर किंवा कल्याणला पकडा. विमान उतरण्याची वेळ आणि रेल्वे सुटण्याची वेळ यात किमान पाच तास ठेवा. विमान उशिरा आलं म्हणून रेल्वेचं तिकीट परत मिळत नाही. दिवसभर बसून यावं लागतं, पण पाय मोकळे करता येतात आणि कुणाला जागं ठेवावं लागत नाही.

ट्रॅव्हल्सच्या स्लीपर गाड्या बहुतेक संध्याकाळनंतर सुटतात, म्हणजे पहाटे उतरलेल्यानं दिवसभर करायचं काय? नातेवाईक असतील तर प्रश्न नाही. दोघंच असाल आणि सामान कमी असेल तर दादरहून शिवनेरीनं पुणे, स्वारगेटहून सांगलीची एसटी. सहा बॅगा घेऊन हे करू नका, मी करून बघितलंय.

आणि तिकीट काढतानाच पुण्याचा विचार करा. पुण्याहूनही बँकॉकला थेट विमानं सुरू झाली आहेत. दोन हजार जास्त पडले तरी लोहगावला उतरल्यावर सांगली चार-पाच तासांवर असते. ठरावीक वारी पुण्याहून सुटणारी वंदे भारतही सांगलीला थांबते. तुमच्या वाराशी जुळते का बघा.

१०. घरी आल्यावर

आदल्या दिवशी शेजारी फोन करून दूध आणि पाण्याची टाकी एवढं सांगून ठेवा. मुंबईहून निघताना नको, तोवर विसरायला होतं.

बोर्डिंग पास महिनाभर फेकू नका, विम्याच्या दाव्याला लागतो. पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना परदेशातून आलोय हे सांगा, डेंगी तिकडेही आहे. रोमिंगचा पॅक बंद झालाय ना, ते बघा.

उरलेलं परकी चलन २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत घरी ठेवता येतं, त्यावरचं १८० दिवसांत बँकेत किंवा परवानाधारक मनी चेंजरकडे द्यावं लागतं. फॉरेक्स कार्डावर शिल्लक असेल तर ती परत खात्यात घ्या. आणि टूर कंपनीनं पैसे घेताना टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केलेला कर, घेतलेला असतो, तो खर्च समजून सोडून देऊ नका. प्रमाणपत्र मागून घ्या आणि रिटर्न भरताना सीएला द्या, करात वळता होतो किंवा परत मिळतो. आमचा पहिल्या खेपेचा सुटून गेला नाही, तो केवळ सीएनं विचारलं म्हणून.

भेटवस्तू बॅगा उघडल्या त्याच दिवशी नावं लिहून वेगळ्या करा. मी चोवीस बामच्या डब्या आणल्या होत्या. आप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आमराईत फिरायला जाताना आठ खिशात घालून नेल्या आणि वाटून आले. माहेरी द्यायला मग तिथलाच शिक्का असलेला बाम सांगलीतल्या मेडिकलमधून विकत घ्यावा लागला.